सहा फुटांचं अंतर, पाच फुटांची गाडी

२०२० साली प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांचे फार हाल झाले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विमानं जमिनीला खिळली, रेल्वेगाड्या यार्डात गेल्या आणि युरोपच्या सहलीचे पैसे भरून बसलेली मंडळी सोसायटीच्या गच्चीत फेऱ्या मारू लागली. जूनपासून जरा सैल झालं, तरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायला ई-पास लागायचा. तो रद्द झाला २ सप्टेंबरला. अशा साली मी जो एकमेव प्रवास केला, तो पुण्यातला कर्वे पुतळा ते चांदणी चौक आणि परत. वाहन चारचाकी, वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, सोबतीला एक वाटाड्या. हिमालयात जाणारेही वाटाड्या नेतात, पण त्यांच्या वाटाड्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक नसतो.

गाडी शिकायचं ठरलं ते हौसेनं नव्हे. पीएमपीच्या बस बंद, रिक्षा बंद, सासूबाईंचं रक्त तपासायला न्यायचं तर दारात गाडी उभी आणि ती चालवणारे एकटे आमचे ‘हे’. ते सकाळी नऊपासून लॅपटॉपसमोर, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा. त्यांना मीटिंगमधून उठवायचं म्हणजे आधी बर्मुडाचा प्रश्न. शेवटी मीच म्हटलं, शिकते. “क्लास कशाला? मी शिकवतो की!” असं ते म्हणाले खरे, पण सहा महिने चोवीस तास एका छपराखाली राहून टिकलेला संसार फर्स्ट गिअरमध्ये मोडायची माझी तयारी नव्हती.

क्लास आमच्याच गल्लीच्या टोकाला. दारावर दोन पाट्या. पहिली: ‘मास्क नाकावर असावा. हनुवटीला सर्दी होत नाही.’ दुसरी: ‘फी आगाऊ. ताप आल्यास फी परत मिळणार नाही, ताप मात्र घरी घेऊन जावा.’ आत टेबलाला दोरी बांधून ग्राहकाची सीमा आखलेली. दोरीपलीकडून एका मुलानं माझ्या कपाळावर ती थर्मामीटरची बंदूक रोखली, आकडा न बघताच वहीत ९७.२ लिहिलं आणि ‘पुढे या’ म्हणाला. वहीत वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा ताप ९७.२ होता. एवढी एकजूट पुण्यात दुसऱ्या कशातही दिसत नाही.

शिकाऊ परवान्याची परीक्षा आधीच देऊन झाली होती. संगणकावर पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. प्रश्न सोपे होते. अवघड होता तो माऊस, कारण त्याला हात कोण लावणार? माझ्या आधीच्या बाईंनी तो पदरात धरून परीक्षा दिली. मी हातमोजा घालून गेले होते. हातमोजा घालून ‘पुढील प्रश्न’ दाबायला गेलं की दोनदा दाबलं जातं, हे ज्ञान मला तिथं मिळालं.

खरा पेच नियमांत होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. ते सांगतात की शिकाऊ माणसाशेजारी परवानाधारक शिकवणारा हवा आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. म्हणजे खेटून. उलट २०२० सालचं सरकार रोज सांगत होतं, ‘दो गज की दूरी’. फोन लावला की आधी अमिताभ बच्चन तेच ऐकवायचे, मग पलीकडे घंटी वाजायची. दोन गज म्हणजे सहा फूट. मी घरी मेजरिंग टेप घेऊन खाली गेले आणि आमची छोटी गाडी आडवी मोजली. आरसे सोडून भरली जेमतेम पाच फूट, तीही बाहेरून. म्हणजे १९८९चा नियम पाळला की २०२०चा मोडतो आणि २०२०चा पाळायचा तर सरांनी दरवाजाबाहेर एक फूट लोंबकळत शिकवायला हवं. मी हे क्लासमध्ये बोलून दाखवलं. “काकू,” सर म्हणाले, “मी लोंबकळतो, पण मग ब्रेक कोण मारणार?”

सर म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा भोरकडचा मुलगा. माझ्या भाच्याएवढा. पण गाडी शिकवणाऱ्याला सरच म्हणायचं, कारण आपला जीव त्यांच्या डाव्या पायात असतो. त्यांनी तोडगा काढला. पूर्वी एका गाडीत तीन शिकाऊ कोंबायचे. एक चालवायचा, मागचे दोघे देवाचं नाव घेत बघायचे. आता एका वेळी एकच. चारही काचा पूर्ण खाली. एसीला हात लावायचा नाही. मास्क दोघांनाही. आणि बोलणं कामापुरतं. शेवटची अट त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितली.

गाडीचं रूप मात्र बघण्यासारखं होतं. सीटना प्लास्टिकचं आवरण, त्यामुळे बसलं की आपण नव्या सोफ्यावर पाहुणे आहोत असं वाटायचं आणि ब्रेक लागला की पाहुणे घसरायचे. आरशाला लिंबू-मिरची, खाली छोटे गणपतीबाप्पा आणि त्यांच्या शेजारी कापूर-ओव्याची पुरचुंडी. गिअरपाशी सॅनिटायझरची पाच लिटरच्या कॅनमधून भरलेली बाटली. मी बसले की सर स्टिअरिंगवर इतकं सॅनिटायझर मारायचे की ते हातातून सुळकन निसटायचं. डावीकडे वळायला जावं तर हात वळायचे, गाडी सरळ.

दसरा झाला आणि प्रवासाला आरंभ झाला. कर्वे पुतळ्यापासून निघालं की थोड्या अंतरावर मृत्युंजयेश्वराचं देऊळ. नाव ऐकूनच शिकाऊ माणसाला धीर यावा, पण देवळं तेव्हा बंद होती. मृत्युंजयच कुलपात म्हटल्यावर भिस्त फक्त ड्युअल कंट्रोलवर. बाहेरूनच नमस्कार करावा म्हणून मी एक हात सोडला. सर ओरडले, “काकू, देव बघतोय, तुम्ही पुढं बघा!”

निदान तसं ओरडले असावेत. एन-९५ मास्कच्या आतून काय येतं ते ओळखणं हा स्वतंत्र विषय आहे. ‘ब्रेक’ आणि ‘रेस’ हे दोन शब्द मास्कमधून बाहेर येताना नुसतं ‘ए’ होऊन येतात. सर ‘ए’ म्हणाले की माझा पाय हवेत थांबून विचार करायचा. तेवढ्यात त्यांचा पाय काम करून मोकळा व्हायचा. त्यातून माझा चष्मा. मास्कच्या वरच्या कडेनं वाफ निघते ती थेट काचांवर जाते. घाबरलं की श्वास जोरात आणि श्वास जोरात की पुढचं धुकं दाट. म्हणजे नेमका ज्या क्षणी ट्रक समोर येतो, त्या क्षणी तो दिसेनासा होतो. पुढं एका डॉक्टर भाचीनं कागदी चिकटपट्टीनं मास्कची वरची कड नाकावर चिकटवायला शिकवलं. चष्मा स्वच्छ राहू लागला. ट्रक दिसू लागले. आधीचं बरं होतं.

पौड फाट्याला वळून पौड रस्त्याला लागलं की मेट्रोचं काम. वर खांब, खाली पत्रे आणि मधे उरलेल्या पट्टीतून सगळं कोथरूड एकाच वेळी जाऊ पाहायचं. “पत्र्याला घासू नका, खांबाला घासू नका, पीएमपीला तर अजिबात नको,” एवढं सांगून सर डोळे मिटायचे. क्लच त्यांनी मला इथंच शिकवला. “क्लच म्हणजे दुधावरची साय, काकू. अलगद उचलायची.” मी तीस वर्षं साय अलगद उचलत आले आहे, पण पायानं कधी उचलली नव्हती. गाडी गचका खाऊन बंद पडायची. सरकारनं टाळेबंदी उठवण्याच्या मोहिमेला ‘मिशन बिगिन अगेन’ असं नाव दिलं होतं. सर तेवढंच म्हणून किल्लीकडे बोट दाखवायचे.

मधे सरांच्या इमारतीत पेशंट निघाला, ती सील झाली आणि वर्ग बंद पडला. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो, पण त्या वर्षी वाहनांच्या कागदांच्या मुदती सरकारच वाढवत होतं. आधी जूनअखेर, मग सप्टेंबर, मग डिसेंबर. शिक्षण पुन्हा सुरू झालं तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि पाडव्याला देवळं उघडली होती. मृत्युंजयेश्वरासमोर आता रांग होती. रांगेसाठी गोल आखले होते. गोलांत लोकांनी पिशव्या आणि चपला ठेवल्या होत्या आणि लोक स्वतः पलीकडच्या सावलीत एकमेकांना चिकटून गप्पा मारत होते. अंतर पिशव्यांनी पाळलं.

डिसेंबरात अमेरिकेतल्या पुतण्यानं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शोधनिबंध टाकला. ब्राउन विद्यापीठातल्या मंडळींनी गाडीतल्या हवेचा अभ्यास करून तो ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये छापला होता. चारही काचा उघड्या असणं सगळ्यांत उत्तम आणि काचा बंद करून एसी लावणं सगळ्यांत वाईट, हे आमच्या भोरच्या सरांनी आधीच सांगितलं होतं. नवी गोष्ट पुढं होती. दोनच काचा उघडायच्या तर स्वतःशेजारची उघडण्यापेक्षा विरुद्ध बाजूची उघडलेली बरी. म्हणजे दोघांच्या मधून वाऱ्याचा पडदा तयार होतो. मी हे सरांना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांची गाडी किती स्पीडला होती?” ताशी ऐंशीच्या आसपास. “आणि शेजारचा कुठं बसला होता?” मागच्या सीटवर, तिरक्या कोपऱ्यात. सर म्हणाले, “तुम्ही ऐंशीनं जाणार आणि मी मागं बसणार? त्यापेक्षा कोरोना परवडला.” तेव्हा चारही काचा खालीच राहिल्या. सकाळी साडेसहाची वेळ, पुण्याची डिसेंबरातली थंडी, डोक्याला माकडटोपी, तोंडाला मास्क. ओळखीच्यांनी मला ओळखलं नाही, ही एकच जमेची बाजू.

प्रवासातलं सर्वोच्च शिखर म्हणजे कोथरूड डेपोच्या पुढचा चांदणी चौकाचा चढ. चढावर गाडी थांबवून, मागे न सरकू देता पुढं काढणं ही या विद्येतली शेवटची परीक्षा. हँडब्रेक ओढायचा, हाफ क्लच धरायचा, गाडी थरथरली की हँडब्रेक सोडायचा. त्या दिवशी पुढं वाळूचा डंपर थांबलेला, मागं टेम्पो इतका जवळ की त्याच्या काचेवरचं ‘आईचा आशीर्वाद’ मला आरशात उलटं वाचता येत होतं. मी हाफ क्लच धरला. गाडी थरथरली. आणि नेमका सरांना ठसका लागला.

साधासुधा ठसका नव्हे. मास्क खाली, डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्यानं खोकणं म्हणजे काय, हे तो काळ काढलेल्यांना सांगायला नको. दार उघडून पळावं तर पाय क्लचवर, श्वास रोखून धरावा तर पाय थरथरतो. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून मान खिडकीबाहेर काढली. सर खोकता खोकता हात नाचवत होते: “बडीशेप! काकू, आईशप्पथ, बडीशेप! घशात गेली!” मान बाहेर असल्यामुळे मला मागचा टेम्पोवाला समोरासमोर दिसला. त्यानं आधी गाडीवरचा शिकाऊचा ‘एल’ पाहिला, मग खोकला ऐकला. काच वर केली, हॉर्न थांबवला आणि रिव्हर्स टाकून टेम्पो चांगला पाच-सहा मीटर मागं नेला. त्या मोकळ्या जागेच्या भरवशावर मी गाडी एक तसूही मागे न सरकवता चढावर काढली. सर पाणी पिऊन म्हणाले, “काकू, आता तुम्ही पास.”

पुढं भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर इंग्रजी आठचा आकडा काढून आणि चढ चढून मी सरकारच्या लेखीही पास झाले. सरांना मिठाई दिली, ती त्यांनी चिमट्यानं उचलली.

आता सगळा विचार केला तर माझा निवाडा असा आहे. सरकारनं जाहिराती केल्या, अमिताभ यांना फोनवर बोलायला लावलं, गोल आखले, मास्क नसला तर पाचशे रुपये दंड घेतला, पण पुणेकर माणूस पुढच्याला चिकटायचा थांबला नाही. ते काम दहा सेंटिमीटर उंचीच्या एका लाल अक्षरानं केलं. नियमाप्रमाणे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावला की बुलेटवाला, रिक्षावाला, पीएमपीचा चालक, सगळे आपापलं अंतर राखून असतात. आमच्या गाडीच्या आत सहा फूट कधी जमलं नाही. गाडीबाहेर ते रोज जमलं.

साथ गेली, मास्क गेले, अंतराची गरज मात्र रस्त्यावर आहे तशीच आहे. चाळिसाच्या वेगानं जाताना पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर हवं म्हणतात, म्हणजे बावीस मीटर. पुण्यात एवढ्या जागेत तीन रिक्षा आणि एक वरात बसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी एक सोपा उपाय धरला आहे: पक्का परवाना मिळाला, तरी गाडीचा ‘एल’ काढलेला नाही. तुम्हीही एक लावून बघा.