मीटरला वळण लावण्याची शास्त्रशुद्ध रीत

ॲक्सिलरेटरवर पाय न दाबता गाडीचा वेग वाढवण्याची एक खात्रीची युक्ती अमेरिकेतल्या हौशी गाडीवाल्यांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. मागच्या ॲक्सलमधलं क्राउन-पिनियन बदलायचं आणि मीटरला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. 1980च्या दशकातली फोर्ड मस्टँग घ्या. कारखान्यातून ती अनेकदा 2.73चा रेशो घेऊन बाहेर पडे, म्हणजे क्राउनला 41 दाते आणि पिनियनला 15. हौशी मालक ती जोडी काढतो आणि 41 व 11 दात्यांची, म्हणजे 3.73ची, बसवतो. सिग्नल सुटताच गाडी पूर्वीपेक्षा जोमाने उसळते, यात शंका नाही. पण खरा चमत्कार तबकडीवर घडतो. रस्त्यावरून ताशी 60 मैलांनी जाणारी गाडी काट्यावर 82 दाखवू लागते.

एवढ्यावर समाधान मानणारे मालक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या सुखात विघ्न आणण्याचा इथे हेतू नाही. हे मार्गदर्शन आहे ते ज्यांना खरं बोलणारं मीटर हवं आहे त्यांच्यासाठी. किंवा शेजारच्या सीटवर जीपीएसवाला फोन घेऊन कुणीतरी बसलेलं असल्यामुळे तसं हवं असल्याचं ज्यांना दाखवावं लागतं, त्यांच्यासाठी.

पायरी पहिली: गुन्हेगार शोधा

काट्यावर संशय घेण्याआधी त्याची बाजू ऐकून घ्यावी. जुन्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर एक छोटा गिअर असतो. तो प्लॅस्टिकचा दुसरा गिअर फिरवतो, हा दुसरा गिअर केबल फिरवतो, आणि केबल डॅशबोर्डमागे एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह खेळतात आणि ती चुंबकाच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थबकते, तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झेने 1902 साली बर्लिनमध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढची सात-आठ दशकं जगभरच्या गाड्या तिच्यावरच चालल्या.

अमेरिकी गाड्यांतला रिवाज असा की एक मैल अंतरात केबलने साधारण हजार फेरे घ्यायचे. पण हे फेरे मोजले जातात गिअरबॉक्सपाशी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या अलीकडे. क्राउन-पिनियन बदललं की चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टला जास्त फिरावं लागतं, केबलही जास्त फिरते, आणि काटा इमानेइतबारे ते वर कळवतो. शाफ्ट निर्दोष, केबल निर्दोष, काटाही निर्दोष. दोषी एकच: दोन वर्षं पैसे साठवून 3.73चा संच आणणारा इसम.

पायरी दुसरी: थापेचं मोजमाप घ्या

3.73ला 2.73ने भागलं की उत्तर 1.366 येतं. म्हणजे थाप जवळजवळ 37 टक्क्यांची आहे. कागदावर विश्वास नसेल त्याने अमेरिकेतल्या एखाद्या इंटरस्टेट हायवेवर जावं. तिथे कडेला मैलाचे फलक असतात. काटा 60वर धरायचा, एका फलकापाशी स्टॉपवॉच सुरू करायचं आणि पुढच्या फलकापाशी बंद करायचं. मीटर खरं असेल तर 60 सेकंद लागतील. वरच्या मस्टँगला 82 लागतात, कारण ती प्रत्यक्षात 44च्याच आसपास चाललेली असते.

गाडीला क्रूझ कंट्रोल असेल तर हा प्रयोग मागून येणाऱ्यांच्या खर्चाने करता येतो. क्रूझला वेगाची खबर त्याच केबलच्या गिअरकडून मिळते. मालक 55वर क्रूझ लावतो, गाडी 40ने चालते, आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढत नाही. आपण कायदा पाळतो म्हणून लोक जळतात, अशी मालकाची पक्की समजूत होते.

पायरी तिसरी: सरकारचा वाटा ओळखा

या थापेला अमेरिकी सरकारचाही हातभार लागलेला आहे. तेलटंचाईच्या काळात, 1974च्या जानेवारीत, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी 55 मैलांच्या मर्यादेचा कायदा मंजूर केला. पुढे 1979मध्ये वाहन सुरक्षा खात्याने मीटरलाच लगाम घातला: तबकडीवरचे आकडे 85च्या पुढे नेऊ नयेत आणि 55चा आकडा उठून दिसावा. वेगाचे आकडेच दिसले नाहीत तर वेगाचा मोह होणार नाही, असा यामागचा विचार. नियम काही वर्षांतच मागे घेतला गेला, पण 85च्या तबकड्या बरीच वर्षं टिकल्या. व्ही-8 इंजिनाच्या मस्टँगच्या नशिबीही त्याच आल्या.

आता त्या तबकडीवर 3.73चा हिशेब लावा. प्रत्यक्षात 62चा वेग गाठला की काटा 85ला टेकतो. त्यापुढे गाडी किती पळते आहे ते मीटरला ठाऊक नाही, मालकाला ठाऊक नाही. ठाऊक असतं ते फक्त रडार घेऊन झुडपाआड उभ्या असलेल्या पोलिसाला.

पायरी चौथी: गणित करा आणि अर्धवट दाताशी तडजोड करा

सूत्र असं आहे. शाफ्टवरच्या गिअरचे दाते, गुणिले ॲक्सलचा रेशो, गुणिले एका मैलातले टायरचे फेरे, भागिले 1001. जे उत्तर येईल तितके दाते केबलच्या गिअरला हवेत.

टायरचे फेरे काढताना फूटपट्टीवर विसंबू नये. 225/60 आर 15चा टायर मोकळा मोजला तर व्यास 25.6 इंच भरतो आणि मैलाला 787 फेरे येतात. पण गाडीचं ओझं पडलं की टायर दबतो आणि फेरे 810च्या घरात जातात. हा तीन टक्क्यांचा फरक गिळून टाकणारे पुढे गिअरच्या दर्जाच्या नावाने खडे फोडतात.

शाफ्टवर 8 दात्यांचा गिअर असेल, तर 2.73ला उत्तर 17.7, म्हणजे 18 दाते. तेच 3.73ला 24 येतं. इथे घोडं पेंड खातं, कारण 24 दात्यांचा गिअर त्या जागेसाठी सहजासहजी मिळत नाही. मग शाफ्टवरचा गिअरच 7 दात्यांचा करावा लागतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्सचं शेपूट उघडावं लागतं. पाच मिनिटांचं काम म्हणून सुरू झालेला शनिवार रविवारात शिरतो तो इथेच. 7 दात्यांवर उत्तर 21.1 येतं. 21 दात्यांचा गिअर घ्यावा आणि देवाचे आभार मानावेत.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. त्याच गाडीत 3.27चा संच बसवला तर उत्तर येतं 18.5. अर्धा दाता कुठल्याही दुकानात मिळत नाही. 18चा घेतला तर काटा जवळपास तीन टक्के पुढे, 19चा घेतला तर अडीच टक्के मागे. दोन्ही थापाच, कुठली पसंत आहे ते मालकाने ठरवायचं. युरोपातल्या नियमावलीने ही निवड कायद्यानेच करून टाकली आहे. तिथे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर इतकी मोकळीक आहे. चालकाचं थोडं कौतुक चालेल, त्याला गाफील ठेवलेलं चालणार नाही.

उलटी चूक खरोखर घातक. मुंबईत महिंद्राने बनवलेल्या सीजे-3बी जीपला 5.38चा रेशो होता. हायवेवर जीप जरा निवांत पळावी म्हणून कुणी 4.88चं क्राउन-पिनियन बसवलं, तर खऱ्या 60ला काटा 54 दाखवील. शिवाय जीपला पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल बदलावे लागतात. एकच बदलून फोर-व्हील टाकली, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशीच भांडत बसतात आणि मीटरचा प्रश्न मागे पडतो.

पायरी पाचवी: गाडीखाली जा

गाडी भक्कम स्टँडवर उचलावी. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला केबल जिथे आत शिरते, तिथे एका बोल्टवर बसवलेली पत्र्याची पट्टी दिसेल. बोल्ट काढावा आणि केबल न पिळता सरळ मागे ओढावी. ती येत नाही, येत नाही आणि मग एकदम येते. पाठोपाठ गिअरबॉक्सचं तेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळतं. तोंड मिटलेलं ठेवावं.

केबलच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा गिअर एका बारीक क्लिपवर बसलेला असतो. दात्यांच्या संख्येनुसार या गिअरचे रंग ठरलेले आहेत, पण जुन्या तेलात वर्षानुवर्षं मुरल्यावर सगळे एकाच काळपट रंगाचे होतात. म्हणून रंगावर न जाता एका दात्याला खडूची खूण करून मोजावं. दाते एका बाजूने खाल्लेले असतील, तर काटा आजवर का थरथरत होता तेही कळेल. क्लिप हमखास उडते आणि गॅरेजमधल्या सर्वांत जड वस्तूखाली जाते. नवा गिअर, नवी क्लिप आणि नवी ओ-रिंग एकदमच आणून ठेवावी.

ज्यांना दाते मोजायचे नाहीत, त्यांच्यासाठी केबलच्या मध्येच बसणारा गिअरचा छोटा डबा मिळतो. वेगाची खबर सेन्सरच्या तारेतून जात असेल, तर तिचे ठोके कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक डबी मिळते. त्याहून नव्या गाडीत लॅपटॉप लावून कंप्युटरला नवा रेशो सांगता येतो. आणि जी गाडी वेग थेट चाकापाशी मोजते, तिला क्राउन-पिनियन बदलल्याचं सोयरसुतक नसतं. तिला फसवायचं तर टायरच मोठे घालावे लागतात.

यातलं काहीच जमणार नसेल, तर नॅस्करच्या शर्यतीतला मार्ग मोकळा आहे. तिथल्या गाड्यांत पारंपरिक स्पीडोमीटर नसतोच. पिट रोडवरची वेगमर्यादा पाळण्यासाठी संघ गिअर आणि टायरवरून हिशेब करतो आणि इंजिनाचे फेरे किती ठेवायचे ते ड्रायव्हरला सांगतो. मागचा गिअर बदलला की हिशेब पुन्हा.

पायरी सहावी: न धावलेल्या मैलांची विल्हेवाट

काटा सुधारला तरी त्याच्याखालचे आकडे राहतात. चुकीच्या गिअरवर 10,000 मैल धावलेल्या गाडीने 13,660 मैलांची नोंद करून ठेवलेली असते. जागच्या जागी म्हातारपण. केबलचा गिअर बदलून मोजणी यापुढे नीट करायला हरकत नाही. पण जुना आकडा मागे फिरवायला अमेरिकेत 1972च्या कायद्याने बंदी आहे. दुरुस्तीनंतर मीटरवर पूर्वीचा आकडा ठेवणं शक्यच नसेल, तर तो शून्यावर आणायचा आणि आधीचे मैल व तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीला चिकटवायची, असंही तो कायदा सांगतो.

तेव्हा गाडी विकताना 3,660 मैल ती धावलेलीच नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडी पटवावं लागतं. विकलेल्या प्रत्येक गाडीबद्दल प्रत्येक मालक हेच सांगत आलेला असल्यामुळे सूत्र, जुना गिअर आणि बिल हाताशी ठेवावं. गिऱ्हाईक ते पाहील, मान हलवील आणि मग या ॲक्सलमध्ये 4.10चा संच बसेल का, असं विचारील. बसतो. त्याला 23 दात्यांचा गिअर लागेल.