शर्यत नाहीच मुळी

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर निरोप येतो : "उद्या बोपदेव, सासवड. आरामात, गप्पा मारत." बोपदेव आणि सासवड ही दोन नावं सोडली तर या निरोपातलं काहीही खरं नसतं.

निरोपाखाली आधी अंगठे उमटतात, मग सबबी. डॉक्टरांचा गुडघा परवापासून धरलेला असतो. आयटीतला मुलगा फक्त 'रिकव्हरी'साठी येणार असतो. कोणाचं लग्नातलं जेवण जड झालेलं असतं, कोणाची झोप झालेली नसते. नवखा माणूस हे वाचून हळहळतो आणि उद्या आपण बरे टिकू, अशी आशा बाळगून झोपी जातो. जुना माणूस सबबी उलट्या वाचतो. ज्याचा गुडघा दुखतोय, तो आठवडाभर बाल्कनीत सायकल ट्रेनरवर चढवून घाम गाळत बसलेला आहे, हे त्याला ठाऊक असतं. आधी सांगितलेली सबब ही युद्धाची घोषणा असते. नंतर सांगितलेली सबब म्हणजे नुसतंच दुःख.

पहाटे पावणेसहाला स्वारगेटपाशी आम्ही जमतो तेव्हा पेपर टाकणाऱ्या पोरांची अर्धी लाइन उरकलेली असते. त्यांच्या सायकलींना गिअर नसतात, दिवे नसतात, मागे मणभर रद्दीचा ऐवज असतो आणि ती आमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती मी कोणाला समजावून सांगू इच्छित नाही. आमच्यात त्या वेळी एक मूक तपासणी चालू असते. चाकं नवीन आहेत का? जर्सी आवळ झाली की ढगळ? "वा, नवीन व्हील्स?" असं कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं : "छे हो, जुनीच आहेत. धुतली फक्त." पाऊण लाखाची चाकं नुसती धुऊन येतात, हे पुण्यातच ऐकायला मिळावं.

निघताना मात्र खरोखर गप्पा असतात. कोंढव्यापर्यंत दोन-दोनच्या जोड्या, पाणीकपातीपासून मुलांच्या ॲडमिशनपर्यंत सगळे विषय. मग रस्ता जरा मोकळा होतो आणि कोणीतरी, कोण ते कधीच कळत नाही, ताशी दोन किलोमीटरने वेग वाढवतो. कोणी काही बोलत नाही. म्हणजे अक्षरशः. वाक्यं आखडू लागतात, मग नुसते हुंकार, मग तेही बंद. ॲडमिशन अर्ध्यावर राहते. जोड्या मोडून एक लांब रांग होते आणि पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर प्रत्येकाचं पुढचं चाक लागतं.

या हातभर अंतरात सायकलिंगचं सगळं राजकारण आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. आमच्यात पॉलिटेक्निकला शिकवणारे एक सर आहेत. ते चालत्या सायकलवरून सांगतात, की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट जोर. पण कोणाच्या तरी पाठीमागे दडलात, की तुमचे श्रम पाव ते तिसऱ्या हिश्शाने कमी होतात. म्हणून पुढे राहणाऱ्याने थोडा वेळ वारा खायचा, बाजूला होऊन मागे यायचं आणि त्याच्या मागच्याने पाळी घ्यायची, असा रिवाज. पंगतीत वाढायला उठावं तसं हे आहे; न उठणाराही जेवतोच, पण त्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं.

न उठण्याच्या कलेवर एक स्वतंत्र ग्रंथ होईल. पाळी जवळ आली की काहींना नेमकी तहान लागते. काहींना चेनचा आवाज येऊ लागतो आणि ते मान वाकवून गिअरकडे असं काही बघतात, की मागच्याला ओलांडून जाण्यावाचून इलाज राहत नाही. एक गृहस्थ खड्डे दाखवण्यात इतके तत्पर आहेत, की "डावीकडे खड्डा! रंबलर! गाडी मागं!" या सेवेपुढे त्यांना कोणी पाळी मागतच नाही. हेच गृहस्थ सासवडची वेस दिसली की मागून वाऱ्यासारखे सुटतात. त्यांचा राग यायला हवा. मला येत नाही. आयुष्य सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला बळ कधी खर्चावं आणि कधी राखावं, हे कळणारच.

या रांगेतून जाऊन जाऊन माणसं ओळखायची माझी रीतच बदलली आहे. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांची आडनावं मला माहीत नाहीत. कोण काय मतं बाळगून आहे, कोणाचं घर कुठल्या सोसायटीत, कल्पना नाही. पण डॉक्टरांच्या मागच्या टायरवर उजव्या कडेला एक बारीक चीर आहे आणि त्यांचा डावा गुडघा प्रत्येक फेरीला किंचित आत वळतो, हे मी झोपेतही सांगेन. दमले की ते खांद्यांनी पायडल मारू लागतात. आयटीतला मुलगा हल्ला करण्यापूर्वी उजवा तळहात शॉर्ट्सला पुसतो; हे त्याला स्वतःला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. डॉक्टर एकदा मला भाजीबाजारात समोरून भेटले. हेल्मेट नाही, चष्मा नाही, हातात मेथीची जुडी. मी ओळखलंच नाही. ते पुढे गेल्यावर पाठ दिसली आणि मग हाक मारली.

येवलेवाडी मागे पडली की बोपदेव घाट लागतो, आणि घाटात हवेचं सगळं शास्त्र निकालात निघतं. ताशी दहा-बाराच्या वेगाला हवा फारशी आडवी येत नाही, त्यामुळे कोणाच्या पाठीमागे दडून उपयोग नाही. इथे वजन बोलतं. सायकलचं आणि मुख्यतः स्वाराचं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये. आमच्यातल्या एकाने बरेच पैसे ओतून आपली सायकल त्याच्या जवळपास आणली आहे. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रूसुद्धा टायटॅनियमचे. पोटाला असा काही नियम नाही याबद्दल तो संघटनेचा ऋणी असावा.

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आले आहेत. टूर द फ्रान्समध्ये १९७५ पासून अशा राजाला लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळते. आम्हाला ना किताब, ना जर्सी. आम्हाला मोबाइलमधलं ॲप आहे. ते घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा प्रत्येकाचा वेळ आपोआप मोजतं आणि सर्वांत वेगवान माणसाच्या नावापुढे इवलासा मुकुट लावतं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली, तिच्यासाठी कितीतरी रस्ते गुळगुळीत झाले आणि देशोदेशीचे व्यावसायिक येऊन गेले. तेव्हापासून आमचे काही जण ॲपमध्ये त्या लोकांच्या वेळा बघून गप्प होतात. बोपदेवच्या मुकुटाचं स्वप्न आमच्यात कोणी बघत नाही. आमची लढाई तेहतिसाव्या आणि चौतिसाव्या क्रमांकाची असते, आणि ती राज्यासाठी लढावी तशीच लढली जाते.

माथ्यावर पहिला पोचणाऱ्याने कसं उभं राहावं, याचेही संकेत आहेत. धापा टाकताना दिसायचं नाही. तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा, मग चेहरा जांभळा झाला तरी चालेल. सायकल कठड्याला टेकवून खाली पसरलेल्या पुण्याचा फोटो काढायचा, जणू आपण तासाभरापूर्वीच आलो होतो आणि आता कंटाळलो आहोत. दुसरा आला की म्हणायचं, "अरे, आलास पण!" या 'पण'मध्ये जेवढा अपमान मावतो, तेवढा शिवीतही मावत नाही. मात्र शेवटचा माणूस येईपर्यंत कोणी हलत नाही, हा नियम कडक. ज्याला मागे टाकण्यासाठी तीन-चार किलोमीटर जीव काढला, त्याचीच वाट बघत घामात गारठत उभं राहायचं. तो आला, की त्याला खजूर द्यायचा. त्याला दम खायला मिळायच्या आत निघायचं, हा भाग वेगळा.

पंक्चर झालं तरी सगळे थांबतात. पंक्चर काढतो एक आणि बघतात दहा. इकडे खिळ्यांपेक्षा त्रास तारेचा : ट्रकचे टायर फुटले की त्यांच्यातल्या पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे डांबरावर पडतात आणि आमच्या अंगठ्याएवढ्या टायरमध्ये घुसतात. ट्यूब बदलणं सोपं. तार शोधणं अवघड. ती न काढता नवी ट्यूब घातली, तर दोन किलोमीटरवर पुन्हा तोच कार्यक्रम. सर टायरच्या आतून बोटाचं टोक अगदी हळू फिरवतात, डोळे मिटून. सगळे गप्प. मग "हं" म्हणून नखाने काहीतरी टोचून काढतात आणि ते तळहातावर सगळ्यांना दाखवतात. ते कोणालाही दिसत नाही. तरी सगळे मान डोलावतात. या दहा मिनिटांत ज्यांचे पाय संपलेले असतात, ते सर्वांत जास्त सल्ले देतात, "घाई करू नका सर, नीट बघा" असं म्हणतात आणि मनातल्या मनात त्या अज्ञात ट्रकवाल्याला दुवा देतात.

भिवरी, चांबळी करत सासवडला पोचेपर्यंत पुन्हा सगळा खेळ होतो, आणि चहाच्या टेबलावर मात्र सर्वांचं एकमत असतं : शर्यत नव्हतीच. डॉक्टर म्हणतात, मी आपला माझ्या लयीत आलो. आयटीतला म्हणतो, आज पाय जडच होते. हे ढोंग आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता ते फार सोयीचं वाटतं. शर्यत म्हटली की एक जिंकतो आणि बाकी सगळे हरतात. शर्यत नाही म्हटलं, की जिंकणाऱ्याचं जिंकणं राहतंच, त्याला ते पक्कं माहीत असतं. आणि हरणारा मात्र मोकळी हवा खायला आलेला असतो. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्येही हीच सभ्यता नियम म्हणून पाळतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, बस्स. पहिला-दुसरा नाही, निकालसुद्धा नावांच्या अक्षरक्रमाने लागतो. तरीही आपण सात तासांत केलं हे सांगितल्याशिवाय कोणाला घास उतरत नाही. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' दोघांत मिळून पुरी केली, तो विषय निघाला की मात्र टेबलावर खरी शांतता पसरते. तिथे सबबच सुचत नाही.

आषाढात पालखी दिवे घाटातून सासवडला येते त्या दिवसांत आमची राइड दुसरीकडे वळते. रस्ते वारकऱ्यांचे असतात आणि घाट चढायला माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या लावतात. नंतरच्या पावसाळी रविवारी परतताना पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो. तेव्हा या मंडळींचं प्रेम बघावं. सकाळी एकमेकांना घाटात सोडून पळालेले लोक "अरे, मागे कोणी राहिलंय का? हळू घ्या, हळू घ्या," असं ओरडत एकमेकांना चिकटून चालतात. पाठीमागे दडायला पाठी हव्यात ना.

मध्यंतरी या चुरशीला आळा घालावा असं काही जणांना वाटलं. सरांनी तोडगा काढला : सासवडची पाटी जो प्रथम ओलांडेल, त्याने सगळ्यांच्या नाश्त्याचं बिल द्यायचं. शनिवारी रात्री ग्रुपवर ठराव झाला, अंगठे पडले. रविवारी घाटात नेहमीसारखीच झटापट झाली. पण चांबळी सोडल्यावर जे काही घडलं, ते मी त्या रस्त्यावर कधी पाहिलं नव्हतं. वेग पंचवीसवर आला, मग अठरावर, मग बारावर. "आधी तुम्ही, डॉक्टर." "छे छे, तू हो पुढे, तुझे पाय ताजे आहेत." पाटीच्या शंभर पावलं अलीकडे आयटीतल्या मुलाला फोन आला. खड्डेवाल्या गृहस्थांनी हवा तपासायला घेतली. दोघे जण एक पाय टेकून डाळिंबाची बाग बघत राहिले. व्हेलोड्रोमवर स्प्रिंटचे खेळाडू एकमेकांना पुढे ढकलण्यासाठी जागच्या जागी सायकल तोलून धरतात म्हणे. आम्ही सरळ उतरून उभे होतो.

तेवढ्यात मागून बँकेतून निवृत्त झालेले काका आले. ते फोनवरचे निरोप वाचत नाहीत. नेहमी सर्वांत शेवटी येतात, त्याच लयीत, तीच निळी टोपी हेल्मेटखाली. आम्हाला असं रस्त्याकडेला विखुरलेलं पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे. क्षणभर थबकले, एक गिअर जड केला, हँडलवर वाकले आणि आमच्यामधून थेट पाटीच्या पलीकडे. मागे वळून बघितलं, तर अख्खा ग्रुप पाठीमागे. हात वर केले नाहीत, पण एकदा करायचे होते असं वाटलं.

नाश्ता झाल्यावर सरांनी त्यांना ठराव समजावून सांगितला. काकांनी तो शांतपणे ऐकला, खिशातून पाकीट काढलं, अकरा मिसळी आणि पंधरा चहांचे पैसे मोजून दिले. मग काउंटरवरून पेन मागून घेतलं, बिलाच्या मागे तारीख घातली, त्याखाली "सासवड, प्रथम" असं लिहिलं आणि डॉक्टरांपुढे सरकवत म्हणाले, "साक्षीदार म्हणून सही करा."