डोक्यावरून कान

आमच्या नागपूरच्या जरीपटक्यात जून उजाडला की घरोघर जरीपटका बाहेर निघतो. पूर्वी हे निशाण मराठी फौजेच्या पुढे चालायचं. आता ते तीन फुटांचं असतं, स्कूटरवर पुढे उभं राहतं आणि पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ म्हटलं की फडकतं.

आमच्या शेजारचं निशाण चार वर्षं पाच महिन्यांचं आहे. बाजारातून जाताना पाट्या वाचतं. ‘साडी सेंटर’, ‘पापड भांडार’, ‘आज नगद कल उधार’. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि वरच्या मजल्यावरच्या सिंधी आजीकडे रविवारी दाल-पकवान खाताना सिंधी. पोट्टी हुशार आहे, यात वाद नाही. वाद आहे तो तिच्या बापाचा, सरकारशी.

“भाऊ, हिले केजी वनमध्ये बसवून काय करू? डायरेक्ट केजी टू पाह्यजे. पण हिचा जन्म चार जानेवारीचा. चार दिवसापायी वर्ष वाया घालवू काय?”

राज्याचा नियम असा की ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीला तीन आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. मधले केजी त्याच हिशेबात. आधी ही रेघ ३० सप्टेंबरला होती, २०२० साली ती तीन महिने पुढे सरकली. शेजाऱ्याचं म्हणणं, तीन महिने सरकते तर आणखी चार दिवस काऊन नाही सरकत? मी म्हटलं, सरकेल, मग आठ जानेवारीवाल्याचा बाप तुझ्या दारात येईल. रेघ कुठेही ओढा, तिच्या पलीकडे चार दिवसांवर कुणीतरी उभं असतंच.

शिवाय रेघही एक नाही. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. म्हणजे ऑक्टोबरात जन्मलेलं पोरगं जिल्हा परिषदेच्या हिशेबात यंदा मोठं आणि केंद्रीय विद्यालयाच्या हिशेबात अजून लहान. पोरगं तेच, वाढतं खिडकीप्रमाणे.

आमच्या वेळी हा घोळ नव्हता. जन्मदाखला असलाच तर ट्रंकेत तळाशी. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. धरता आला की पहिली, नाही तर घरी जाऊन आणखी वर्षभर आंबे पाड. जन्मतारीख विचारली की बाप आभाळाकडे पाहायचा आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणून महाराष्ट्रात एक जूनला इतके वाढदिवस येतात की केक पुरू नये.

त्यातही हुशार पोरांचे बाप होतेच. ‘पोरगं चलाख आहे गुरुजी, घ्या बसवून,’ म्हणून वय वाढवून नाव टाकायचे. त्याचं बिल पुढे आलं. राज्य सरकारच्या नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी कागदावरच्या तारखेने निवृत्ती, आणि एक जूनवाल्याचा शेवटचा दिवस ३१ मे. त्या दिवशी कचेऱ्यांत नारळ आणि शाली कमी पडतात. बापाने वर्षभर लवकर शाळेत घातलं, सरकारने वर्षभर लवकर घरी बसवलं. वाचवलेलं वर्ष असं व्याजासकट परत जातं.

पण गुरुजींच्या त्या कानात अक्कल होती. लहान पोराचं डोकं मोठं आणि हात आखूड. सहा-सातच्या सुमारास हात लांबतो, तेव्हा कान हाती लागतो. म्हणजे कायद्याची कलमं आणि धोरणांचे मसुदे करून सरकार ज्या सहाच्या आकड्यावर आलं, तिथे गुरुजी फुकटात पोचले होते. आणि ते पाढे नव्हते विचारत. अंग वाढलंय का, एवढंच बघत होते.

आज उलटं. जीभ तपासतात, अंग कोणी बघत नाही. शेजारची पोट्टी ‘साडी सेंटर’ वाचते, पण चपला उलट्या घालते. शंभरपर्यंत मोजते, पण शू लागली हे परक्या बाईंना सांगत नाही. पकवान मधोमध मोडलं की अर्धा तास भोकाड. डोकं सहाचं, रडणं तीनचं. केजी टूमध्ये डोक्याला जागा मिळेल हो, रडण्याला कोण घेईल?

पोरांच्या मुलाखती नकोत, असं यशपाल समितीने १९९३ साली सांगितलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशाच्या छाननीवर पहिल्या खेपेला पंचवीस हजारांपर्यंत दंड ठेवला. मुलाखत शहाणी निघाली. तिने नाव बदललं. आता तिला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात, आणि तिची तयारी आईबापच जास्त करतात.

राहिला प्रश्न, कुठे. शेजाऱ्याच्या मनात वर्धा रोडपलीकडची मोठी शाळा आहे. सकाळी सातला व्हॅन, अर्धं नागपूर पार. गल्लीच्या तोंडाशी एक ताई दोन खोल्यांत बालवाडी चालवतात. कोपऱ्यात वाळू, खिडकीत फाटकी-तुटकी गोष्टींची पुस्तकं. त्या म्हणाल्या, “वाचते ना? वाचू द्या. बाकीची वाळूत खेळतील, कंटाळली की ही पण येईल.” हुशार पोराला याहून चांगला अभ्यासक्रम मला माहीत नाही. कंटाळलेल्या पोराला पुस्तक बदलून द्यावं, वर्ग नाही. पुढे उडी कधीही मारता येते. मागे आलेल्या पोराला मात्र आपण नापास झालो असंच वाटतं. खास बुद्धिमान मुलांसाठी पुण्यात १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी निघाली. तिच्या शाळेतसुद्धा पोरं पाचवीत घेतात. तिथल्या लोकांना घाई नाही, ती आपल्याला आहे.

हे सगळं शेजाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे भाऊ, पण वर्ष जाते ना. म्हणून मी पोट्टीलाच बोलावलं. म्हटलं, डोक्यावरून हात ने आणि पलीकडचा कान धर. तिने मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली, खांदा उचलला. बोटं कानाच्या वर दोन बोटं अडकली.

“नाही पोचत,” मी म्हटलं.

“कसा पोचन काका? माझं डोकं मोठं आहे ना!”

मला वाटलं, आता तरी बापाला पटेल. बापाने फोन काढला होता. “बेटा, परत एकदा म्हण. इंटरॅक्शनमध्ये हेच सांगायचं.”