सीमा गळते, चित्र रंगते

पंपातल्या प्रवाहाचं लाल-निळं चित्र पडद्यावर आलं की मीटिंगमध्ये माना डोलू लागतात. इंटरफेसवरच्या वेट्सची बेरीज किती आली, हे मात्र कोणी विचारत नाही. तोच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

इंपेलर फिरतो, केसिंग स्थिर असतं. म्हणून गणिताची जाळी दोन तुकड्यांत बांधतात. आतला तुकडा दर टाइम-स्टेपला थोडा सरकतो आणि मधल्या गोल सीमेवर, म्हणजे इंटरफेसवर, इकडचा फेस पलीकडच्या कोणकोणत्या फेसवर किती पडतो ते (हेच वेट्स) मोजून दाब आणि वेग पलीकडे पोचवले जातात. ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये 2011 सालच्या 2.1.0 आवृत्तीपासून ही सोय एएमआय नावाने फुकट मिळते. ती वापरणं सोपं झालं आणि तपासणं मागे पडलं.

जाळीतलं वर्तुळ हे वर्तुळ नसतंच, तो बहुभुज असतो. 150 मिमी त्रिज्येची सीमा 36 फेसमध्ये कापली, तर प्रत्येक फेसचा मध्य खऱ्या वर्तुळाच्या 0.57 मिमी आत राहतो. आतला तुकडा 5 अंश फिरला की त्याचे कोपरे बाहेरच्या जाळीत तेवढेच घुसतात आणि शेजारी फट पडते. 360 फेस केले तर हीच चूक 0.006 मिमीच्या आत येते. फेस पूर्ण झाकला गेला तर वेट्सची बेरीज 1 येते. कमी आली तरी प्रोग्रॅम ती ओढूनताणून 1 करून घेतो, गणित पुढे चालतं आणि सीमेवर पाण्याचा हिशेब बिघडतो. सॉफ्टवेअर ही बेरीज लॉगमध्ये दर वेळी छापतं. ती न वाचणं हा निव्वळ आळस आहे!

दुसरी खोड सीमेच्या जागेची. व्होल्युटच्या, म्हणजे केसिंगच्या, जिभेपाशी इंपेलरची फट अरुंद असते. सीमा तिच्या साधारण मधोमध हवी, दोन्ही बाजूंना पुरेशा आणि जवळपास सारख्या आकाराच्या सेल हव्यात. ब्लेडच्या टोकाला चिकटवलेली सीमा नेमकी जिथे प्रवाह सर्वांत झपाट्याने बदलतो तिथेच अंदाजपंचे करते.

मग येतो खर्च. मिनिटाला 1450 फेरे म्हणजे सेकंदाला 8700 अंश. स्टेपला एक अंश धरला तर एका फेरीला 360 स्टेप, आणि सुरुवातीचा गोंधळ ओसरण्यातच काही फेऱ्या जातात. म्हणून घाईचे लोक इंपेलर एका जागी गोठवून, फिरण्याचा परिणाम फक्त समीकरणांत घालतात. पहिल्या अंदाजाला हे चालतं. पण ब्लेड जिभेसमोर गोठवलं तर हेड एक येतं, दोन ब्लेडमधली मोकळी जागा जिभेसमोर आली तर दुसरं. ब्लेड कोणत्या कोनात गोठवलं होतं, हे न लिहिता दिलेला हेडचा आकडा ग्राहकाने सरळ परत पाठवावा.