शिडी धरणाऱ्याचे शिडी घेणाऱ्यास अनावृत पत्र

रा. रा. शेजारच्या दुमजली रो-हाउसचे मालक यांसी,


नवरात्र तोंडावर आले आहे. घटस्थापनेआधी आपल्याकडे काचा पुसायचा मुहूर्त असतो आणि त्या सकाळी कुंपणावरून हाक येते, "अहो, जरा शिडी धरता का?" यातला 'जरा' जेवणाच्या वेळेपर्यंत पुरतो. यंदा आपण नवी शिडी घेणार, असे वहिनींकडून समजले. पैसे आपण देणार, वर वॉचमन चढणार आणि खाली मी उभा राहणार. चढणाऱ्याला कोणी विचारत नाही, हा रिवाजच आहे. निदान धरणाऱ्याचे मत कानावर घालावे, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र खुले ठेवले, कारण दिवाणखाना दोन मजले उंच असलेले कॉलनीत आपण एकटेच नाही.

प्रथम आपल्या दिवाणखान्याचे अभिनंदन. वीस फूट उंच, आठ फूट रुंद, एकसंध वाटणारी काच, येणारा पाहुणा मान वर करतो आणि "वा!" म्हणतो. या घराचे मॉडेल आपण मला कौतुकाने दाखवले होते, ते आठवते. त्यात हिरव्या स्पंजाची झाडे होती, पोर्चमध्ये बोटभर मोटार होती, बाकावर पुस्तक वाचणारी बाईसुद्धा होती. हातात फडके घेतलेला माणूस तेवढा नव्हता. वरच्या काचा 'फिक्स' ठेवल्या, कारण उघडझाप करणाऱ्या खिडकीची चौकट जाड दिसते आणि दर्शनी भागाची शोभा जाते. आत उघडणारी खिडकी असती, तर पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजमधून बाहेरची बाजू पुसून झाली असती. साध्या सरकत्या खिडकीचे झडपही उचलून रुळातून काढता येते. पण सौंदर्याला किंमत मोजावीच लागते, आणि ती वॉचमनने मोजावी यात गैर ते काय!

आता शिडी. आपण दुकानदाराला विचारलेले प्रश्न वहिनींनी सांगितले. घडी करून गाडीच्या डिकीत मावेल का? जिन्याखालच्या कपाटात राहील का? फरशीवर ओरखडे उठतील का? आणि शेवटचा भाव काय? चारही प्रश्न मोलाचे आहेत. शिडी वर्षातले बहुतेक दिवस जिन्याखाली आडवी असते आणि एखाद्या सकाळी काचेसमोर उभी, तेव्हा बहुमताने निवड आडव्या शिडीचीच व्हायला हवी.

तरी उभ्या शिडीचा थोडा हिशेब मांडतो. '२० फुटी' म्हणून मिळणारी सरकती शिडी म्हणजे दहा-दहा फुटांचे दोन भाग. लांबवल्यावर हे भाग किमान तीन फूट एकमेकांवर राहावे लागतात, नाहीतर जोडावर शिडी वाकते. राहिली सतरा फूट. ती भिंतीला सरळ चिकटवून उभी करता येत नाही. चारास एक हे प्रमाण, म्हणजे चार फूट उंचीमागे पायथा एक फूट बाहेर. अशी कलती केली की टोक सोळा-साडेसोळा फुटांवर जाते. वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहायचे नसते, त्या हाताला आधार म्हणून. पायऱ्या साधारण फुटाफुटावर असतात, म्हणजे वॉचमनचे पाय तेरा-साडेतेरा फुटांवर. हात पूर्ण ताणला की आणखी सातेक फूट. झाले की वीस! आपण खूश व्हाल; दुकानदारही याच ठिकाणी बिल फाडतो.

पण शिडीचे टोक टेकणार कशावर? सोळा फुटांवर आपल्याकडे भिंत नाही, काच आहे. काचेवर शिडी टेकवायची नसते, हे लहान मुलालाही पटावे. टोकाला बसवायचा एक आडवा आधार मिळतो, त्याने शिडी काचेपासून दूर राहते. पण त्याचे दोन्ही पाय भिंतीवर टेकावे लागतात, आणि आपल्या भिंती एकमेकींपासून आठ फूट लांब आहेत. तेव्हा शिडी लावायची ती बाजूच्या भिंतीवर. तिथून माणसाने किती वाकावे, याचा साधा नियम आहे: पट्ट्याचे बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या आत राहिले पाहिजे. तेवढे पाळून इकडून दोन फूट आणि तिकडून दोन फूट पुसून होतात. मधला चार फुटांचा पट्टा गतवर्षीचाच राहतो. आपल्या दिवाणखान्यात सकाळचे ऊन आले की सोफ्यावर जी धूसर मळवट भरल्यासारखी छाया पडते, तिचे मूळ इथे आहे. गेल्या वर्षी वॉचमनने बक्कल बाहेर नेऊन तो पट्टा अर्धा कमी केला. खालून पाहताना मला रामरक्षा पाठ असल्याचा आनंद झाला.

घरात जुना घोडा आहे, नवी शिडी कशाला, असाही एक विचार आपण मांडला होता. घोडा म्हणजे चार पायांवर उघडून उभी राहणारी शिडी. पंखा पुसायला उत्तम. आपण तो मिटवून भिंतीला टेकवता. त्याचे पाय उघड्या अवस्थेसाठी कापलेले असतात, मिटवून टेकवला की ते नीट बसत नाहीत, कडेवर उभे राहतात. घोड्याखाली टेबल घेऊन उंची वाढवण्याची आपली युक्ती मी स्वतः पाहिली आहे. त्यावर भाष्य करण्याइतकी भाषा मला येत नाही.

दुर्बिणीसारखी आत सरकून हातभर होणारी शिडी आपल्या मनात भरली आहे, असे कळते. डिकीत मावते, हे खरे. तिच्या प्रत्येक टप्प्याला दोन खटके असतात आणि त्यातला प्रत्येक खटका बसला की नाही, हे चढणाऱ्याने एकेक करून तपासायचे असते. मिटवताना बोटे नको तिथे असली, तर ती चेपतात. घ्यायचीच असेल तर तिच्यावर कोणते मानक छापले आहे ते पाहा. युरोपच्या ईएन १३१ या मानकात २०१८पासून तीन मीटरपेक्षा लांब, टेकवायच्या शिडीला तळाशी रुंद आडवी पट्टी किंवा तसाच रुंद पाया लागतो आणि १५० किलो भार गृहीत धरलेला असतो. हा भार नुसत्या माणसाचा नव्हे. माणूस, त्याचे बूट, पाण्याची बादली, कमरेला लटकवलेली बाटली, सगळे मिळून. आपल्या देशातही शिड्यांच्या सुरक्षेची संहिता आहे, आयएस ३६९६ भाग २, सन १९९१ची. आपण तिच्याबद्दल दुकानात विचारलेत, तर दुकानदार चहा मागवेल, एवढे अप्रूप त्याला वाटेल.

शिडी कशाची असावी म्हणाल, तर ॲल्युमिनिअम हलके आणि स्वस्त, पण वीजवाहक. आपल्या पोर्चवरून खांबाची तार आत आली आहे. सतरा फुटांची ॲल्युमिनिअमची दांडी उभी करताना टोक कुठे डुलेल, हे धरणाऱ्याच्या हातात कमी आणि वाऱ्याच्या हातात जास्त असते. फायबरग्लासची शिडी कोरडी आणि स्वच्छ असेल, तर वीज वाहून नेत नाही. मात्र जड आणि महाग. रंगाऱ्याची बांबूची शिडी आपण गावंढळ म्हणून नाकारलीत. बरे केलेत. तिच्या पायऱ्या दोरीने बांधलेल्या असतात आणि दोरी किती वर्षांची, हे फक्त रंगाऱ्याला माहीत असते; शिवाय भिजलेला बांबूही विजेचा मित्रच.

शिडीपेक्षा ती जिथे उभी राहते ती जागा मला अधिक जवळून माहीत आहे. आपल्या खिडकीखाली अर्धे पेव्हर ब्लॉक आणि अर्धी चाफ्याची माती आहे. परतीचा पाऊस झाल्यावर ती माती टाचेखाली दबते. शिडीचा एक पाय ब्लॉकवर, दुसरा मातीत. खाली आपण वर्तमानपत्राची घडी घातलीत. निदान लाकडाची रुंद फळी घाला. काच पुसायला रद्दी उत्तम, पाया म्हणून ती अजून सिद्ध व्हायची आहे.

आता माझ्या पदाबद्दल. शिडी वरच्या टोकाला बांधणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर खालचा पाय अडकवायचा, खिळवायचा. पायथ्याशी माणूस उभा करणे, हा ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात शेवटचा उपाय आहे. म्हणजे मी शेवटचा उपाय आहे आणि आपण मला पहिला धरता. यामागचे शास्त्र क्रूर आहे. चढणारा जितका वर जातो, तितका शिडीच्या पायांचा बाहेर घसरण्याचा कल वाढतो. म्हणून दुसऱ्या पायरीवर उभे राहून "घट्ट आहे की!" म्हणण्याला अर्थ नसतो, शिडीचा खरा स्वभाव बाराव्या पायरीला कळतो. तेव्हा सत्तर किलोचा माणूस आणि त्याची बादली निघाली, तर माझे दोन हात काय अडवणार? मी आजवर अडवले ते साबणाचे पाणी, तेही कॉलरच्या आतून.

वॉचमनकडे एकदा वर पाहा, म्हणजे त्याची अडचण कळेल. शिडीवर शरीराचे तीन अवयव टेकलेले हवेत, दोन पाय आणि एक हात. एका हातात वायपर, दुसऱ्यात फवाऱ्याची बाटली आणि खांद्यावर फडके. टेकायला तिसरा हात त्याला देवाने दिलेला नाही आणि आपणही पगारात धरलेला नाही. पायात स्लिपर. त्याचे वजन दुकानदाराने विचारले नाही, कारण खरेदीला तो नव्हता. हातात जो रबरी पट्टीचा वायपर असतो, त्याचे आजचे रूप एत्तोरे स्टेकोने याने घडवले. इटलीहून अमेरिकेत गेलेला हा गृहस्थ स्वतः खिडक्या पुसत असे. जुना अवजड वायपर हाताला जाचला, म्हणून त्याने हलका पितळी केला आणि १९३६ साली त्याचे पेटंट घेतले. हत्यार चांगले का झाले, हे सांगायला नको. शिड्यांची खरेदी मात्र आजही सोफ्यावर बसून होते.

आपण म्हणाल, मग काचा पुसायच्याच नाहीत का? पुसा की, पण पाय जमिनीवर ठेवून. ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामांचे नियम २००५ साली आले. उंचीवर जाणे टाळता येत असेल तर आधी टाळा, असा त्यांचा क्रम आहे. तिथले खिडकी पुसणारे मोठ्या संख्येने लांब दांड्याच्या ब्रशकडे वळले. दांडा टप्प्याटप्प्याने वाढतो, नळी ब्रशपर्यंत जाते आणि पाणी वर घासता घासता सोडता येते. वीस फूट त्याला किरकोळ. अट एकच, पाणी क्षाररहित हवे, म्हणजे पुसायची गरज राहत नाही. सुकले तरी डाग नाहीत. इथे मला आपल्या काटकसरीची आठवण होते. स्वयंपाकघरातल्या आरओचे टाकाऊ पाणी आपण काचांसाठी साठवता. आरओ क्षार वेगळे काढतो ते नेमके त्याच पाण्यात सोडतो, म्हणजे मूळ बोअरवेलच्या पाण्याहून ते अधिक खारट. काचेवरचे पांढरे ठिपके धुळीचे नाहीत, आपल्या बचतीचे आहेत.

दांड्याचा ब्रश महाग वाटला, तर वर्षातून एक दिवस चाकांचा, कठड्याचा टॉवर भाड्याने आणा किंवा परांची बांधणाऱ्याला बोलावा. उंचीचीच हौस असेल, तर दुबईच्या बुर्ज खलिफाकडे पाहा. तिथे चोवीस हजारांहून अधिक काचा आहेत आणि त्या पुसायची यंत्रे, त्यांचे रूळ इमारतीतच बसवलेले आहेत. १६०हून अधिक मजल्यांच्या मालकाला सुचले ते दोन मजल्यांच्या मालकाला सुचायला हरकत नव्हती. निदान स्लॅब टाकताना छज्ज्याखाली दोर अडकवायला दोन भक्कम हूक ठेवायचे. आता ड्रिल मारून बसवायचे, तर पीओपीचा नक्षीदार पट्टा जाईल, हे मला मान्य आहे.

इतके वाचूनही शिडीच घ्यायची, असे आपले ठरले असेल, तर माझ्या बाजूने काही अटी. आधी काचेच्या बाजूची उंची टेपने मोजा, डोळ्याने नको. दुकानात वॉचमनला घेऊन जा आणि त्याला चार पायऱ्या चढू द्या. शिडीच्या रबरी टाचा झिजल्या की बदला. त्या वेगळ्या मिळतात. एका जागी अर्धा तास झाला की वॉचमनला खाली बोलवा, चहा द्या, आणि त्याच चहात माझाही धरा. वादळी वाऱ्यात मुहूर्त पुढे ढकला. घट दुसऱ्या दिवशी बसत नाहीत हे खरे, पण काच पुसायला पंचांगात बंधन नाही. आणि वर्षातून एकदा तरी त्या शिडीच्या सातव्या पायरीवर आपण स्वतः उभे राहून पाहा. मी धरीन, बिनशर्त.

कळावे, लोभ आहे तो वाढावा.

आपला शेजारी,
पायथ्याशी उभा असणारा

ता. क. जिन्यावरच्या स्कायलाइटवर पारव्यांनी केलेला कारभार यंदा साफ करायचा आहे, असे वहिनी म्हणाल्या. शिडीचा एक पाय जिन्याच्या नवव्या पायरीवर आणि दुसरा अकराव्या पायरीवर ठेवायची आपली योजनाही त्यांनी सांगितली. त्या दिवशी मी गावाला असेन. तारीख ठरली की आधी कळवावी, म्हणजे तिकीट काढता येईल.