कोपीला कारागृहाचा दर्जा द्या!

हंगाम तोंडावर आला की आमच्या भागात अंगात येतं. साखर कारखाने तरी किती : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, पलीकडे इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा. बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी टाकायला पुढारी येतात आणि बीडकडून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, येतात. मजुरीपोटीची आगाऊ उचल आधीच वाटून झालेली असते.

या मुहूर्तावर शासनाला एक नम्र सूचना. बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडे तहसीलदारांच्या देखरेखीखाली दुय्यम कारागृहं आहेतच. त्यांची हद्द थोडी वाढवावी आणि ऊसतोड बायकांच्या राहायच्या कोप्या त्यात घ्याव्यात. फक्त हंगामापुरत्या. बायकांच्याच भल्यासाठी.

हसू नका. कैदेतल्या बाईला काय मिळतं ते बघा. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगून ठेवलंय : गरोदर कैदी असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी, बाळंतपणाआधी आणि नंतर देखभाल, शक्यतो बाळंतपण तुरुंगाबाहेरच्या दवाखान्यात. लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ, त्याला पाळणाघर आणि वेगळा आहार. जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव नको. आणि जमेल तितकी बारशाचीही सोय करा! आता सांगा, फडावर बारशाचं कोण विचारतंय? तिथं बाळंतीण किती दिवसांनी मोळी उचलणार, एवढाच प्रश्न.

न्यायालयं एवढ्यावर थांबलेली नाहीत. भायखळ्याच्या महिला कारागृहातलं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली स्वतःहून हाती घेतलं आणि गर्भ ठेवायचा की नाही, हे कैदी बाईनंच ठरवायचं, असं म्हटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नागपूर खंडपीठानं एका गरोदर कच्च्या कैदीला सहा महिन्यांचा जामीन दिला. तुरुंगातल्या वातावरणाचा आईवर आणि बाळावर परिणाम होईल म्हणून. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच. कैदी बाईला पोटातल्या बाळासाठी तेवढा काळ बाहेर काढतात, ऊसतोड बाईला पोटासाठी तेवढाच काळ फडाच्या आत यावं लागतं.

येरवड्याच्या महिला कारागृहात हे सगळं कागदाबरहुकूम मिळतं, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण नियम असला की तो मोडल्याची तक्रार तरी करता येते. कोपीला ना संडास ना मोरी. तक्रार कसली करणार? पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, तो पाचशेपर्यंत जातो असं बायका सांगतात. मग कुणीतरी डॉक्टर सुचवतो, पिशवीच काढून टाका. बाईही हिशेब करते आणि ऑपरेशनसाठी परत उचल घेते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडच्या पाहणीचे आकडे आले : ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या. चर्चा झाली. हंगाम वेळेवर सुरू झाला.

सोयी नाहीत म्हणावं तर बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, महिला रुग्णालय आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावानं महामंडळ आहे, त्याला टनामागे दहा रुपये द्यायचे ठरलेले आहेत. फडातून दवाखान्यात जायला फक्त एक दिवस लागतो. तो मात्र खाड्यात धरतात.

म्हणून कारागृह. तहसीलदारसाहेब अधीक्षक, आठवड्याला डॉक्टरांची फेरी, तपासणीचा दिवस हजेरीत, मोफत पॅड आणि कैद्याला कामाचा मोबदला मिळतो तसा बाईच्या कामाचा पैसा बाईच्या नावावर; नवऱ्याबरोबर अर्ध्या कोयत्यात नव्हे.

गंमत म्हणजे बायकांनी ही योजना ऐकून पहिला प्रश्न विचारला, तो संडासाला दार असेल का, हा. हरकत घेतली ती उचल देणाऱ्या मुकादमानं. पॅड द्या, पाळणा द्या, बारसंही करा, त्याला काही नाही. "पण सायेब," तो म्हणाला, "कैदी म्हटलं की सुटकेची तारीख लिहावी लागती. आमच्या उचलीत तसली तारीख नसती."

प्रस्ताव तूर्त तिथंच अडलाय.