आधी तपशील, मग पैसे

नागपूरच्या धंतोलीतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅश काउंटरवर दुपारी उभं राहा. पेशंट भंडाऱ्याचा, गडचिरोलीचा, नाही तर पार बालाघाटचा. गाडी खाली थांबलेली. मुलाच्या हातात एकपानी बिल: रूम, नर्सिंग, आरएमओ, आणि शेवटी 'मेडिसिन व कन्झ्युमेबल्स'. सगळ्यांत मोठा आकडा याच ओळीपुढे, आणि नेमका तिचाच तपशील नाही. विचारलं की उत्तर मिळतं, "पेशंट बरा झाला ना भाऊ, मग बिलाचं काय घेऊन बसले?"

घेऊनच बसायला पाहिजे!

कोविडच्या साथीत, 21 मे 2020 ला, राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. कोविडचा साधा वॉर्ड दिवसाला 4,000 रुपये, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. नागपूर महापालिकेनं बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. बिलं कमी झाली, काही पेशंटचे जादा पैसे परत करण्याचे आदेशही निघाले. आयसीयू चालवायला खर्च येतो, तो कोणी नाकारत नाही. पण कोणी तरी ओळ न् ओळ वाचल्याबरोबर आकडा खाली येत असेल, तर तो आधी वर का होता? साथ ओसरली, लेखापरीक्षक गेले, आणि पेशंट पुन्हा काउंटरवर एकटा पडला.

वास्तविक नियम त्याच्या बाजूनं आहेत. जानेवारी 2021 मध्ये राज्यानं शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, बिलाचा तपशील द्यायचा, पैसे थकले म्हणून मृतदेह अडवायचा नाही, आणि तक्रारीसाठी महापालिकेनं टोल फ्री क्रमांक ठेवायचा. धर्मादाय रुग्णालयात तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पुढे करा. बिल हातात पडल्यावर ही धावपळ फार जड जाते.

आणि बिल रोजच्या रोज मागा. वॉर्डातून औषधांची चिठ्ठी आली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. न वापरलेली इंजेक्शनं, सलाइन, हातमोजे फार्मसीत परत गेले का, त्यांची रक्कम वजा झाली का, ते डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बघा. गाडी खाली उभी असताना कोणालाच भांडता येत नाही.

महापालिकेनं तक्रारीचा क्रमांक धंतोली-रामदासपेठेतल्या प्रत्येक काउंटरवर मराठीत आणि हिंदीत ठळक लावून घ्यावा. दरपत्रक नसेल तिथं नोटीस द्यावी. कोविडमध्ये जमलेली तपासणी हार्टच्या, अपघाताच्या, डेंग्यूच्या बिलांसाठीही सुरू करावी.